पावडर स्की: हलका गाभा घ्यावा की दणकट?

पावडर स्की, म्हणजे ताज्या, भुसभुशीत बर्फासाठीची रुंद स्की, घ्यायला आलेला माणूस आधी ती उचलून बघतो. दोन्ही हातांत धरून वरखाली करतो, "अरे, काय हलकी आहे!" म्हणतो आणि निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. मी बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी यंत्रणा, बसवायचं आणि स्की दुरुस्तीचं काम करते, त्यामुळे तीच स्की पुढेमागे माझ्या टेबलावर येते आणि तिच्याबद्दलच्या तक्रारीही माझ्याच कानावर येतात. ताज्या पावडरमध्ये स्की वाईट वागली, असं सांगत कोणी येत नाही. तक्रार असते ती अकरानंतरची. उतार शंभर जणांनी उकरून ठेवलाय, खड्डे आणि ढेकळं झालीत, आणि स्कीचं पुढचं टोक प्रत्येक ढेकळावर आपटून भलतीकडेच जातंय. नाहीतर दुसरी: "चढून वर पोचेपर्यंत मांड्या गेल्या, मग उतरायची मजाच राहिली नाही."

या दोन्ही तक्रारींचा मऊ, अस्पर्श बर्फाशी काही संबंध नाही. तसा बर्फ फार समजूतदार असतो, त्यात पुरेशी रुंद अशी कुठलीही स्की चालते. त्यामुळे गाभा, म्हणजे स्कीच्या आतलं लाकूड, ठरवताना स्वतःला दोनच गोष्टी विचारा. पावडर संपल्यावर तुमच्या वाट्याला कसला बर्फ येतो? आणि वरपर्यंत तुम्ही दोरावरच्या खुर्च्यांच्या लिफ्टने जाता की स्वतःच्या पायांनी?

आत काय भरलेलं असतं

बाइंडिंगसाठी भोक पाडताना गाभा कसला आहे ते भुशावरून कळतं. पाउलोनियाचा भुसा फिकट, जवळजवळ पांढरा असतो आणि फुंकर मारली की टेबलापलीकडे उडतो. बिट आत जाताना हाताला विरोध असा लागतच नाही, पहिल्यांदा बसवणारा तर खोलीच चुकवेल इतकं मऊ लाकूड. पॉप्लरला जरासा जोर लागतो, भुसा दाणेदार पडतो. अॅश, बीच किंवा मेपल लागलं की ड्रिलचा आवाज बदलतो, भुशाच्या जागी छोट्या वळ्या निघतात आणि बिट बोथट असेल तर जळका वास येतो. सुरुवातीलाच रुपेरी कण चमकले, तर लाकडाच्या वर टायटॅनलचा पत्रा आहे असं समजायचं. टायटॅनल म्हणजे अॅल्युमिनियमचा एक मजबूत मिश्रधातू. टायटॅनियमशी त्याचं काही नातं नाही.

आता आकडे. वाळलेल्या पाउलोनियाची घनता घनमीटरला २८० किलोच्या आसपास असते, पॉप्लरची साधारण ४००-४५०, अॅशची ६८० च्या घरात, मेपल-बीचची ७०० च्या पुढे. १८५ सेंमी लांब आणि कमरेला, म्हणजे मधल्या अरुंद भागात, ११२ मिमी रुंद अशा स्कीतला गाभा ढोबळ मानाने दीड लिटर भरतो. म्हणजे एका स्कीतलं नुसतं लाकूड पाउलोनियाचं असेल तर ४२० ग्रॅम, पॉप्लरचं असेल तर साडेसहाशेच्या आसपास, आणि सगळंच्या सगळं अॅश घातलं तर किलोभर. सगळंच अॅश कोणी घालत नाही. बहुतेक गाभे उभ्या पट्ट्या चिकटवून केलेले असतात. हलकं लाकूड मुख्य, आणि कडांना किंवा बुटाखाली कठीण लाकडाच्या पट्ट्या. जाहिरातीत "पाउलोनिया-अॅश" असं लिहिलेलं असतं तेव्हा दोहोंचं प्रमाण काय, हे विचारायला हवं. दोन बारीक पट्ट्या घातल्या तरी अॅशचं नाव लेबलवर येतंच.

लाकडाइतकीच महत्त्वाची आहेत त्याच्या वरखाली चिकटवलेली पटलं. स्की वाकते तेव्हा ताण आणि दाब मुख्यतः ही पटलं सोसतात. गाभ्याचं काम त्यांना एकमेकांपासून लांब धरून ठेवायचं आणि त्यांना एकमेकांवर सरकू न द्यायचं. म्हणून गाभा नुसता एक मिलिमीटरने जाड केला, दहाचा अकरा केला, तरी ताठपणा पाचव्या हिश्श्याने ते तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. कारखान्यांना हे पक्कं ठाऊक असतं. हलकं लाकूड घ्यायचं, किंचित जाड ठेवायचं, वर कार्बन लावायचा, की स्की हलकीही होते आणि ताठही. हाताने दाबून बघणारा खूश. पण ताठपणा आणि दणकटपणा यांत फरक आहे, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

पटलांतलं सर्वांत सामान्य म्हणजे फायबरग्लास. त्याच्या जोडीला किंवा जागी कार्बन घातला की त्याच ताठपणासाठी वजन कमी लागतं. टायटॅनलचा ०.४ मिमी जाडीचा, जवळपास पूर्ण लांबीचा एक पत्रा मात्र एका स्कीत दोनशे ग्रॅमच्या आसपास भर घालतो, आणि दोन पत्र्यांची स्की असेल तर हिशेब तुम्हीच करा. म्हणजे "गाभा हलका की दणकट" हा प्रश्न खरं तर लाकूड, पटलं, पोलादी कडा आणि बेस (बर्फावर सरकणारा खालचा थर) या सगळ्या सँडविचचा आहे. नुसतं लाकूड विचारून भागत नाही.

हलकी स्की जास्त तरंगते, हा समज

हा समज लवकर काढून टाकू. तुम्ही ७५ किलोचे, अंगावरचं सामान १५ किलोचं. बर्फावर ९० किलो येतायत. त्यात स्कीमागे अर्धा किलो कमी केला तर तरंगण्यात जो फरक पडेल तो कोणाच्याही पायाला कळणार नाही. तरंगवते ती रुंदी, लांबी आणि टोकांचा वर उचललेला रॉकर. २००२ मध्ये स्कीपटू शेन मॅकॉन्कीच्या कल्पनेतून व्होलान्ट कंपनीची स्पॅच्युला नावाची स्की आली, ती मध्ये रुंद, टोकांकडे निमुळती आणि दोन्ही टोकांना वर वळलेली. तिने पावडर स्कीचं जग बदललं ते आकाराच्या जोरावर. आज बाजारातली बहुतेक प्रत्येक पावडर स्की त्या आकाराची थोडीफार उसनवारी करते.

तेव्हा तरंगण्याचा प्रश्न आकार बघून सोडवा आणि मग गाभ्याकडे वळा.

उकरलेल्या बर्फात काय होतं

ताजा कोरडा बर्फ घनमीटरला पन्नास ते शंभर किलो भरतो. अमेरिकेत, युटातल्या अल्टाच्या बर्फात सरासरी आठ-साडेआठ टक्केच पाणी असतं. समुद्राजवळच्या डोंगरांत, कॅस्केड्स किंवा सिएरा नेवाडामध्ये, तो बराच जड पडतो. कोरडा असो वा जड, लोकांनी त्यावरून पाच-पन्नास फेऱ्या मारल्या की काही जागी दाबला जातो, काही जागी ढीग होतात. आता स्कीचं टोक आळीपाळीने हवेत, मऊ ढिगात आणि दाबलेल्या ढेकळावर आपटत जातं.

ढेकळाचा धक्का तोच असतो, पण त्याने स्की किती उडेल हे तिच्या वस्तुमानावर ठरतं. १.६ किलोची स्की २.२ किलोच्या स्कीपेक्षा त्याच धक्क्याने तिपटीच्या नव्हे, पण सव्वापटीहून जास्त, जवळजवळ १.४ पट वेगाने बाजूला फेकली जाते. बूट आणि पाय मधला भाग धरून ठेवतात हे खरं, पण टोकाला धरायला कोणी नसतं. म्हणून ही पीडा सगळ्यात आधी टोकाशीच जाणवते.

दुसरी गोष्ट कंपनांची. वस्तू जितकी हलकी आणि जितकी ताठ, तितकी तिची थरथर जलद. कार्बन आणि पाउलोनियाच्या स्कीत दोन्ही गोष्टी एकत्र येतात. ती धक्क्याने बारीक, जलद थरथरते, आणि ती थरथर जिरवायला आत जड असं काही नसतं. पायाला हे कसं वाटतं? नडगीला सतत कोणी तरी टकटक करतंय असं. सकाळी गंमत वाटते, दुपारी वैताग येतो. टायटॅनलच्या स्कीत पत्र्यासोबत बहुधा रबराचे पातळ थर असतात, ते थरथर खाऊन टाकतात. काही कारखाने आता हलक्या स्कीत जवसाच्या धाग्यांचं कापड घालतात. ते कार्बनइतकं ताठ नाही, पण कंपनं शोषून घेतं. हलकी स्की घ्यायची ठरली असेल तर माझं मत अशा कापडाच्या बाजूने पडतं. निव्वळ कार्बनच्या भरवशावर ताठ केलेल्या स्कीपेक्षा थोडी मऊ पण शांत स्की दिवसभर जास्त सुख देते.

मग जडच घ्यावी का? थांबा. वजन कुठे आहे ते आधी बघा.

स्की वळवताना ती बुटाभोवती फिरते. तिथे वजनापेक्षा अंतर जास्त छळतं, कारण ते वर्गाने मोजलं जातं. बुटापासून २० सेंमीवर असलेले १०० ग्रॅम आणि ८० सेंमीवर असलेले १०० ग्रॅम तराजूवर सारखेच, पण वळवताना दुसरे सोळापट जड. म्हणून २१०० ग्रॅमची पण टोकं हलकी केलेली स्की झाडांमधून चपळ वाटू शकते आणि १८०० ग्रॅमची, पण टोकापर्यंत धातू ओढलेली स्की ओंडक्यासारखी. बुटाखाली पत्रा, टोकांना फक्त फायबरग्लास, अशी रचना मला पावडर स्कीत सगळ्यात शहाणपणाची वाटते. दाबलेल्या ढेकळांवर पाय स्थिर राहतो आणि टोक झाडाच्या अलीकडे वळतं.

चढणीचा हिशेब

स्किन, म्हणजे मागे घसरू न देणारी पट्टी, स्कीखाली लावून चढणाऱ्यांना ग्रॅमचं वेड असतं आणि ते समजण्यासारखं आहे. पण हिशेब नीट मांडला तर चित्र जरा वेगळं दिसतं. दोन्ही स्की मिळून एक किलो वाचवला, तर ९० किलोच्या एकूण ओझ्यातला तो एक टक्क्याहून किंचित जास्त. निव्वळ उंचीवर वजन नेण्याचं काम धरलं, तर तीन तासांच्या चढाईत दोनेक मिनिटं वाचतील. एवढंच असतं तर कोणी विचारही केला नसता. खरा खर्च वेगळ्या ठिकाणी होतो: प्रत्येक पावलाला स्की थांबते आणि पुन्हा पुढे ओढावी लागते, आणि नागमोडी वाटेवर प्रत्येक वळणाला किक टर्न घेताना ती उचलून, टाच झटकून फिरवावी लागते. तिथे पायातलं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी महाग पडतं. खोल बर्फात वाट पाडणारा माणूस तर प्रत्येक पावलाला स्कीवर साचलेला बर्फही उचलत असतो, आणि रुंद स्कीवर तो भरपूर साचतो.

तरीही स्की हलकी करण्याआधी पायात आणखी काय काय आहे ते तराजूवर ठेवा. लिफ्टसाठीचं नेहमीचं बाइंडिंग एका पायामागे किलोच्या आसपास भरतं, चढाईसाठीचं पिनचं साधं बाइंडिंग तीनशे-चारशे ग्रॅम. चढाईचे बूट आणि उतरणीचे बूट यांतही एका पायामागे पाचशे-सातशे ग्रॅमचा फरक सहज पडतो. म्हणजे गाभा बदलून जे वाचणार त्याच्याहून जास्त बाइंडिंगमध्ये वाचतं. माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळांच्या हातात १५५० ग्रॅमची नाजूक स्की असते आणि तिच्यावर त्यांना किलोभराचं बाइंडिंग ठोकून हवं असतं. मी बसवून देते, पण त्याआधी बोलून घेते.

उलटही खरं आहे. एक किलोचा मऊ चढाईचा बूट आणि त्याखाली २३०० ग्रॅमची दोन पत्र्यांची स्की, ही जोडी जमत नाही. अशा स्कीला वाकवायला बुटाकडून जोर यावा लागतो. बूट आधी वाकतो, स्की तशीच सरळ जाते. गाभा, बाइंडिंग आणि बूट एकाच तोडीचे असावेत.

आणखी एक, आणि हे वजनवेड्यांना आवडत नाही: लिफ्टपासून लांब गेल्यावर स्की मोडली तर परतीचा रस्ता फार लांब होतो. अति हलक्या स्कीत बेस पातळ असतो, कडेचं पोलाद अरुंद असतं. पातळ बर्फाखालच्या दगडावर आपटली की जाड कडेला जिथे ओरखडा पडतो, तिथे बारीक कड आत दबते किंवा तुटते. हंगामाच्या सुरुवातीला, जेव्हा दगड पुरते झाकलेले नसतात, तेव्हा मी तरी सर्वांत हलकी स्की घेऊन जात नाही.

तुम्ही किती वजनाचे आणि कसे चालवता

हा भाग लोक वगळतात. ५५ किलोच्या माणसाला २२०० ग्रॅमची ताठ स्की म्हणजे दिवसभर दुसऱ्याचं काम करणं. तिला वाकवायला लागणारा वेग तो गाठत नाही, मग स्की त्याच्या पायाखाली फळीसारखी पडून राहते. त्याच्यासाठी १७००-१८०० ग्रॅमची पॉप्लर-पाउलोनियाची स्कीच "दणकट" असते. ९५ किलोचा, लांब वळणं घेत वेगाने उतरणारा माणूस तीच स्की दुपारपर्यंत थरथरवून सोडेल. लेबलवरचा ताठपणाचा आकडा वाचण्याआधी स्वतःचं वजन मनात धरा. झाडांमध्ये छोटी वळणं घेणाऱ्याला आणि मोकळ्या उतारावर सरळ सुटणाऱ्याला एकच उत्तर देता येत नाही.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी: जड स्की उतरताना गुडघ्याला वाचवते, पण पाय ठेवायला दांडी नसलेल्या लिफ्टच्या खुर्चीत लटकताना तेच गुडघे खाली ओढते. बाइंडिंगसकट साडेतीन किलोच्या आसपास वजन प्रत्येक पायाला. विनोद वाटेल, पण काही जण याच कारणासाठी माझ्याकडे स्की बदलायला आलेत.

दुकानात हाताने काय तपासायचं

तराजू मागा. छापील वजन एका स्कीचं आहे की जोडीचं ते बघा, यात फसगत नेहमीची. दोन्ही स्की वेगवेगळ्या तोला. लाकूड नैसर्गिक असल्यामुळे तीस-चाळीस ग्रॅमचा फरक असू शकतो, त्याने काही बिघडत नाही. पण शंभरावर फरक असेल तर दुसरी जोडी काढायला सांगा.

मग स्की उभी करा, शेपूट जमिनीवर, एका हातात टोक, दुसऱ्या हाताच्या तळव्याने मध्यावर दाब. बहुतेक जण इथेच थांबतात. त्यातून फक्त मधला ताठपणा कळतो, आणि मध्ये तर बूट असतो. टोकाकडचा वीतभर आणि शेपटीकडचा वीतभर वेगवेगळा वाकवून बघा. पावडर स्कीचं टोक बऱ्यापैकी वाकलं पाहिजे, आणि वाक एका जागी मोडल्यासारखा न दिसता सलग पुढे सरकला पाहिजे. मग टोक दोन्ही हातांत धरून ओला कपडा पिळतो तसं पिळून बघा. सहज पिळलं गेलं तर ती स्की दाबलेल्या बर्फावर कड धरणार नाही. अजिबातच पिळलं नाही तर ढेकळांवर ती प्रत्येक बारीकसारीक झुकाव थेट तुमच्या पायाला कळवेल.

आता माझी आवडती परीक्षा, जिच्यामुळे दुकानातले लोक वळून बघतात. स्की बाइंडिंगशिवाय असावी लागते. टोकापासून साधारण चाळीस सेंमीवर दोन बोटांच्या चिमटीत तिला सैल धरून उभी लटकवा, शेपूट जमिनीला लागू देऊ नका. तिथेच का, तर सुट्या पट्टीची मूळ थरथर होते तेव्हा टोकापासून लांबीच्या पाचव्या हिश्श्याहून थोड्या जास्त अंतरावरचा बिंदू जवळजवळ स्थिर राहतो, त्यामुळे तुमची बोटं कंपनं दाबून टाकत नाहीत. दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने स्कीच्या मध्यावर ठोका मारा. कार्बनची हलकी स्की बराच वेळ गुणगुणते, चिमटीत झिणझिण्या येतात. रबर आणि धातूची स्की "धप्प" करते आणि गप्प होते. शेजारीशेजारी दोन-तीन स्की अशा वाजवून पाहिल्या की पुढच्या दुपारी नडगीला काय वाटणार आहे त्याचा बराच अंदाज येतो. लेबलवर काय लिहिलंय यापेक्षा मी या ठोक्यावर जास्त विश्वास ठेवते.

बाजूची भिंतही बघा. उभी, जाड प्लॅस्टिकची साइडवॉल पूर्ण लांबीची आहे, की वरचं आवरणच कडेपर्यंत वाकवून आणलंय? दुसऱ्या प्रकारात वजन वाचतं, पण दगड लागल्यावर दुरुस्तीला जागा उरत नाही.

मग कोणी काय घ्यावं

१८५ सेंमीच्या आसपासच्या, ११० मिमीच्या पुढच्या कमरेच्या स्कीबद्दल बोलते. लांबी-रुंदी बदलली की आकडे सरकतील.

जवळजवळ सगळा काळ लिफ्टने वर जाणाऱ्याने २००० ते २३०० ग्रॅममध्ये शोधावं. गाभा पॉप्लर, बीच, अॅश असा मिश्र, बुटाखाली धातूचा पत्रा. चढायचंच नाही तर हलकेपणाला भुलण्याचं कारण नाही. लिफ्टची सोय असलेल्या जागी अस्पर्श पावडर मिळते सकाळचा तास-दोन तास, उरलेला दिवस तुम्ही इतरांनी उकरलेल्यावरच काढता.

फक्त चढूनच जाणाऱ्याने १५०० ते १७५० मध्ये राहावं, आणि त्यातही बुटाखाली कठीण लाकडाच्या पट्ट्या किंवा पत्र्याचा तुकडा असलेली निवडावी. तिथे तुम्ही निवडलेला उतार बहुधा तुमचाच असतो, बर्फ कोणी उकरलेला नसतो. मात्र वाऱ्याने दाबलेला थर किंवा उन्हाने वितळून पुन्हा गोठलेलं कवच कधीही भेटतं, आणि त्यात १५०० च्या खालची रुंद स्की फार त्रास देते. तितकं खाली जाण्याची गरज क्वचितच असते.

मधल्या माणसाचं काय, जो बहुतेक लिफ्टने जातो पण अधूनमधून स्किन लावून पलीकडच्या खोऱ्यात डोकावतो? बाजारात अशांचीच संख्या सर्वांत जास्त, आणि गोंधळही त्यांचाच. यांना वाटतं की महिन्यातून एखाद्या चढाईसाठी हलकी स्की हवी. मी म्हणते, ज्या दिवसांची संख्या जास्त त्यांचं ऐका. १८०० ते २००० ग्रॅम, पाउलोनिया-पॉप्लर मिश्र गाभा, धातू असलाच तर मध्ये, टोकांना नाही. वर चढणं आणि उतरणं दोन्ही जमतील असं हायब्रिड बाइंडिंग. चढताना मित्रांच्या थोडं मागे राहाल. बिघडलं काय?

दोन जोड्या परवडत असतील तर प्रश्नच संपला, एक १६०० ची आणि एक २२०० ची घ्या, आणि वर आलेले मधले परिच्छेद विसरा.

बाइंडिंग बसवताना

हलक्या गाभ्याची खरी कमजोरी इथे उघडी पडते. पाउलोनियात स्क्रूचे आटे नीट पकडत नाहीत. चांगले कारखाने म्हणून बुटाखाली कठीण लाकूड, फायबरग्लासचा जादा थर किंवा पत्रा घालतात, आणि तो जिथवर असतो तिथवरच स्क्रू गेले पाहिजेत. बसवण्याची मध्यरेषा बरीच पुढेमागे सरकवायची असेल, तर हा भाग नक्की कुठे संपतो ते आधी विचारून घ्या.

बिटचा आकार बहुतेक स्कीवर छापलेला असतो. धातू नसलेल्या स्कीला ३.५ मिमी, टायटॅनलच्या स्कीला ४.१ मिमी, खोली साधारण ९ मिमी. धातूत आटे पाडून घ्यावे लागतात, नाहीतर स्क्रू पत्र्याला वर उचलतो आणि स्कीच्या पाठीवर फुगवटा येतो. पाउलोनियात मी भोकात सावकाश सुकणारं इपॉक्सी घालते, नुसता लाकडाचा गोंद घालत नाही. स्क्रू शेवटी हातानेच आवळायचा. यंत्राने आवळला तर मऊ लाकडात आटे कधी सुटले ते कळतसुद्धा नाही: स्क्रू घट्ट होता होता एकदम हलका फिरतो, आणि तेवढ्यात ते भोक निकामी झालेलं असतं.

पुढे बाइंडिंग बदलायचा विचार असेल तर तेही गाभा निवडताना धरा. नवीन भोक जुन्यापासून किमान १० मिमी दूर हवं, मऊ गाभ्यात त्याहून जास्त असलेलं बरं. दोन-तीनदा बसवणं दणकट लाकूड निमूट सोसतं. हलक्या स्कीत मी दुसऱ्या खेपेनंतर आटेदार धातूच्या नळ्या बसवायला सुचवते.

वापरलेली हलकी स्की घेत असाल तर जुन्या भोकांभोवती नखाने दाबून बघा. आत पाणी गेलेलं असेल तर वरचं आवरण किंचित उचललेलं लागतं, आणि कधी नखाखाली ओलसर, पोकळ वाटतं. बेस उलटा करून गाभ्यापर्यंत गेलेल्या खाचा शोधा, बुजवलेल्या असतील तर कधी बुजवल्या ते विचारा. लाकूड महिनोन्‌महिने उघडं राहिलेलं असेल तर ते फुगतं, शेजारची कड सुटू लागते. मग दोन्ही स्की बेसला बेस लावून उभ्या धरा आणि उजेडाकडे बघा. टोकाशी आणि शेपटीशी दोन्ही स्कीचा वाक एकमेकींसारखा दिसला पाहिजे. एका स्कीची शेपूट वेगळीच वळलेली असेल तर ती धातूची स्की कधी तरी आपटून वाकली आहे. वाकलेला टायटॅनल सरळ होत नाही, कोणी कितीही सांगितलं तरी घेऊ नका.